निम्मी पोरं नापास झालेल्या हायस्कुलात मुलीला घालू का?

पत्र

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातले. माझी मोठी मुलगी यंदा सातवीत आहे. गावातली सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढं चार किलोमीटरवर सरकारी मराठी हायस्कूल आहे, पण २०२५ च्या दहावीला तिथं एकोणीस पोरं बसली आणि दहाच पास झाली. तेव्हापासून गावात एकच बोलणं, त्या शाळेत घातलं की पोरांचं वाटोळं. मालक गोव्याला हॉटेलात कामाला, दोन-दोन महिने येत नाहीत. दीर बेळगावात उद्यमबागेला आहेत. जाऊबाई म्हणतात, पोरीला आमच्याकडं ठेवा, इंग्लिश मीडियमला घालू, फी तेवढी तुम्ही भरा. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. भाऊ म्हणतो इकडं पाठव, मराठी हायस्कूल घराजवळ आहे आणि महाराष्ट्राची दहावी सोपी जाते. सासूबाई म्हणतात, वयात आलेली पोर दुसऱ्याच्या घरी नको. मुलगी म्हणते, मैत्रिणी जातील तिकडंच मी. अभ्यासात बरी आहे, गणिताला मात्र घाबरते. मी नववीपर्यंत शिकलेली. जूनच्या आत ठरवायला पाहिजे. काय करू?

– एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

सगळ्या गावाची भीती ज्या आकड्यावर उभी आहे, तो आधी नीट बघू. एकोणीसपैकी दहा म्हणजे ५२.६ टक्के. ऐकायला वाईट आहे. पण त्याच परीक्षेत राज्याचा एकंदर निकाल ६२.३४ टक्के होता. तुमच्या हायस्कूलची आणखी दोन पोरं पास झाली असती, तर शाळा राज्याच्या पुढं गेली असती. दोनच. एखादा तापानं पेपर चुकलेला, एखादी कन्नडला चार मार्कांनी गेलेली, एवढ्यावर शाळेचं नाव बुडालं. इतक्या लहान वर्गात एका पोराचं वजन सव्वापाच टक्के असतं. त्यामुळं पुढच्या साली हीच शाळा सत्तरीला पोचली तरी लगेच पेढे वाटायला जाऊ नका. तेव्हाही फरक तीन-चार पोरांचाच असेल.

आता जरा मागं जाऊ. राज्याचा निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के होता, २०२४ ला ७३.४० आणि २०२५ ला ६२.३४. दोन वर्षांत सगळ्या कर्नाटकातली पोरं काही एकदम मठ्ठ झाली नाहीत. २०२४ पासून परीक्षा केंद्रांत कॅमेरे लागले आणि वेबकास्टिंगवरून वर्गांवर नजर ठेवणं सुरू झालं. त्या पहिल्या साली निकाल फारच आपटतोय म्हणून सरकारनं ग्रेस मार्क सढळ हातानं वाटले, २०२५ ला ते बंद केले. केंद्राच्या मागच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे काका-मामा आपण सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा जुन्या ऐंशी-नव्वद टक्क्यांचं फार कौतुक नको. आणि २०२६ च्या परीक्षेपासून पास होण्याची रेषाच ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणली आहे, ६२५ पैकी २०६ मार्क. म्हणजे येत्या निकालाच्या दिवशी ‘शाळेची घोडदौड’ अशी बातमी वाचाल, तर हे लक्षात असू द्या.

यातलं काहीही शाळेची बाजू घ्यायला सांगत नाही. नऊ पोरं नापास झाली ती खरीच झाली, आणि त्यांच्या घरी काय झालं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझं म्हणणं एवढंच की टक्केवारी ऐकून शाळा सोडू नये आणि टक्केवारी ऐकून शाळा धरूही नये. तुम्हाला जे कळायला हवं ते पेपरात छापून येत नाही. ते शाळेत जाऊन विचारावं लागतं.

तेव्हा एका शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळेला हायस्कुलात जा. एकट्या जाऊ नका. ज्यांच्या पोरी तुमच्या मुलीबरोबर आठवीला जाणार आहेत, अशा दोघी-तिघींना घ्या. मालक गोव्याहून यायची वाट बघू नका. आईनं विचारलेलं हेडमास्तरांना जास्त लागतं. भांडायला आलोय असा सूर नको. ‘आमच्या पोरी जूनला तुमच्याकडं यायच्या आहेत, म्हणून विचारायला आलो’ असंच म्हणा. मग पहिलं विचारा, ती नऊ पोरं कुठल्या विषयात गेली. हे प्रत्येक हेडमास्तरांकडं कागदावर असतं, कारण बीईओ ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं, विषयवार निकाल द्यावाच लागतो. सहा विषयांत पोरं विखरून गेली असतील तर त्याचा अर्थ एक, आणि नवाच्या नऊ गणितात गेली असतील तर त्याचा अर्थ पूर्ण वेगळा. दुसऱ्या बाबतीत शाळा वाईट नाही, शाळेला गणिताचा मास्तर नाही.

लगेच पुढचा प्रश्न तोच घाला. गणित कोण शिकवतं, विज्ञान कोण, इंग्रजी कोण? कायमचे आहेत की अतिथी शिक्षक? अतिथी असतील तर गेल्या साली कधी रुजू झाले? इथं उत्तर हळू आवाजात यायला लागेल, तरी उठू नका. आपल्या भागातल्या मराठी हायस्कुलांचं दुखणं हेच आहे. कायमच्या जागेवरचे मास्तर बदलीच्या समुपदेशनात गावाजवळचं ठिकाण मागून जातात, जागा रिकामी राहते. मराठीतून गणित-विज्ञान शिकवू शकणारा माणूस मिळणं मुळात अवघड, म्हणून कधी कन्नड माध्यमातून शिकलेला कुणी पाठवतात. तो बिचारा स्वतःच पुस्तकातलं मराठी वाचत वाचत फळ्यावर उतरवतो. अतिथी शिक्षकाची नेमणूक शाळा सुरू झाल्यावर कधीतरी होते आणि तोवर जून गेलेला असतो, कधी कधी जुलैही. त्याच दिवसांत सेतुबंधाचं काम व्हायचं असतं, म्हणजे मागच्या इयत्तेतलं कच्चं राहिलेलं पक्कं करून घ्यायचं. गणिताला घाबरणाऱ्या पोरीला नेमकं तेच हवं असतं.

(एक गोष्ट जाता जाता. राज्यघटनेचं ३५०अ कलम मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगतं ते प्राथमिकपुरतंच. म्हणून गावोगाव सातवीपर्यंत मराठी शाळा दिसते आणि पुढं सरकारी मराठी हायस्कूल शोधावं लागतं. जे आहे ते टिकलं पाहिजे असं वाटणं वेगळं आणि त्यासाठी आपल्याच पोरीचं नुकसान सोसणं वेगळं. दोन्ही एकत्र करून कुणी तुम्हाला भाषण दिलं तर ऐकून सोडून द्या.)

तिसरं विचारायचं ते म्हणजे नववीतून किती पोरं दहावीत जातात. काही शाळा शंभर टक्के निकालाचा फलक लावतात आणि त्यामागं नववीत अडकवलेली, दाखला देऊन वाटेला लावलेली पोरं असतात. तुमच्या शाळेनं एकोणीसच्या एकोणीस बसवली असतील, तर मला त्या हेडमास्तरांविषयी थोडा आदरच वाटेल.

आता जाऊबाईंचं. त्यांचा हेतू चांगला आहे असंच धरून चालू. २०२५ ला विनाअनुदानित शाळांचा निकाल ७५.५९ टक्के होता, सरकारी शाळांचा ६२.७ आणि अनुदानितांचा ५८.९७. म्हणजे खासगी शाळा पुढं आहेत, पण गावात बोलतात तितक्या नाहीत. त्यांच्याकडं येणाऱ्या पोरांच्या घरी शिकलेले आईबाप असतात, संध्याकाळी ट्यूशन असते आणि रोपलावणीला कुणी घरी ठेवून घेत नाही, हेही त्या आकड्यात मिसळलेलं आहे. त्याच साली ६२५ पैकी ६२५ मिळवणाऱ्या बावीस जणांत बैलहोंगल तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कूलची मुलगी होती. तिच्यावरून सगळ्या सरकारी शाळा तोलता येत नाहीत, पण सरकारी शाळेचा शिक्का कपाळावर मारून कुणी नापास होत नाही एवढं तरी त्यातून कळतं.

मला जास्त काळजी माध्यमाची वाटते. सात वर्षं मराठीतून शिकलेली पोर आठवीला एकदम इंग्लिश मीडियममध्ये बसवली, तर पहिलं वर्ष तिला मास्तर काय बोलतात ते समजून घेण्यातच जातं. आपल्या राज्यात वरच्या वर्गांचं गणित-विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीचं आहे, ते मराठीतून वाचतानाही दमवतं. त्यात ती गणिताला आधीच घाबरते. परक्या घरात, परक्या भाषेत, वर्गात सगळ्यांच्या मागं. अशा वेळी हुशार पोरीसुद्धा गप्प बसायला शिकतात आणि ती सवय मग जात नाही. पाचवीत विचारलं असतं तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

आणि एक हिशेब जाऊबाईंनाही बहुतेक माहीत नसेल. कर्नाटकात इंजिनिअरिंग, शेतकी अशा सीईटीवरच्या प्रवेशांत ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. अट अशी की पहिली ते दहावी ही दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. दाखला हेडमास्तर देतात आणि त्यावर बीईओंची सही लागते. तुमच्या मुलीची सात वर्षं जमा आहेत. आठवीला ती बेळगाव शहरात गेली की ती सात वर्षंही त्या कामाला उपयोगी पडत नाहीत. सरकारी नोकरभरतीतही ग्रामीण उमेदवारांसाठी वेगळं आरक्षण आहे. आज सातवीतल्या पोरीसाठी हा विचार लांबचा वाटेल, पण अठराव्या वर्षी तो दाखला हातात नसल्यावर माणसं कशी कपाळाला हात लावतात ते मी पाहिलंय. खानापूर गावातल्या शाळेचा विचार करत असाल तरी तिथं नगरपंचायत आहे, तेव्हा ती शाळा ग्रामीणमध्ये धरतात का हे बीईओ ऑफिसात आधी विचारून घ्या.

दुसरा हिशेब त्याहून जवळचा. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला घातलं की ते दार बंद. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. म्हणून यंदाची सातवीची परीक्षा ‘गावातलीच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

चंदगडचा पर्याय मला बेळगावपेक्षा बरा वाटतो. माध्यम तेच राहतं आणि मामाचं घर म्हणजे निदान आजीच्या हाताखाली राहणं. पण महाराष्ट्राची दहावी सोपी म्हणणाऱ्या भावाला विचारा की पुढं ती अकरावीला कुठं जाणार? तिकडंच राहणार असेल तर ठीक. पण दहावी करून बेळगावला पीयूसीसाठी, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीसाठी, परत येणार असेल तर बोर्ड बदललं, अभ्यासक्रम बदलला, आणि तीन वर्षांत कन्नड विसरली ते वेगळंच. पीयूसी इकडं केली तर सीईटीसाठीची कर्नाटकातल्या सात वर्षांच्या शिक्षणाची अट ती पूर्ण करेल, त्यामुळं सगळं बुडेल असं नाही. ग्रामीण कोटा मात्र जाईल. उलट इकडंच दहावी-बारावी केली, तर महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी जी वेगळी तरतूद आहे ती तिला वापरता येईल. अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघाव्या लागतात. दोन्ही राज्यांच्या भांडणात आपल्या पोरांना मिळालेल्या सवलती फार नाहीत. आहेत त्या तरी घ्याव्यात.

तेव्हा माझं मत असं: हेडमास्तरांच्या उत्तरांत गणित, विज्ञान, इंग्रजी या तिन्हींपैकी दोन विषयांना जरी टिकणारा माणूस असेल, तर मुलीला त्याच हायस्कुलात घाला. तिसऱ्या विषयाची सोय बाहेरून करता येते.

पण घालून मोकळं होऊ नका. आपल्याकडं पोरं दहावीत नापास होतात त्याची सुरुवात बहुतेक वेळा आठवीच्या जुलैत झालेली असते. लावणी लागली की पंधरा दिवस पोर शेतात. मग पावसात ओढे भरले की सुट्टी, गणपतीची सुट्टी, दसऱ्याची सुट्टी, नोव्हेंबरात सुगी. मार्चमध्ये काजू. यात्रा तर विचारूच नका. एकेक दिवस क्षुल्लक वाटतो. पण गणितात एक धडा हुकला की पुढचे तीन कळत नाहीत आणि गणिताची भीती म्हणतात ती बहुतेक अशीच तयार होते. सासूबाईंना पोर जवळ हवी आहे ना? मग त्यांच्याशी आत्ताच बोली करा, की लावणीला माणूस कमी पडलं तर मजुरी देऊ, पण पोरीची शाळा बुडवणार नाही. मालकांनाही फोनवर हे सांगून ठेवा, म्हणजे जुलैत घरात एकट्या तुम्ही वाईट ठरणार नाही.

दहावीच्या मार्कांत प्रत्येक विषयाचे वीस मार्क शाळेच्या हातात असतात, पहिल्या भाषेला पंचवीस. बाकीचे ऐंशी, आणि पहिल्या भाषेचे शंभर, लेखी. शाळेच्या हातातले मार्क एफएच्या, म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या, चाचण्या आणि उपक्रमांवर मिळतात. वही वेळेवर दिली तरी ते बुडत नाहीत. लेखी गणितात दोन समीकरणांचा आलेख, एखादं प्रमेय, सांख्यिकीचं गणित असे काही ठरलेले प्रश्न येतातच. दहावीत जानेवारी उजाडला की कच्च्या पोरांसाठी शाळा ‘पासिंग पॅकेज’ काढते ते याच प्रश्नांचं. कच्च्यांना ते तारतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तुमची पोर बरी आहे. तिला पासिंग पॅकेजात बसवू देऊ नका. मास्तर वेळ नाही म्हणून सगळ्या वर्गाला तेच घोटवतात, आणि मग पुढं पीयूसीला सायन्स घेतलेल्या पोरी पहिल्या चाचणीतच गळपटतात.

नवनीतचं महाराष्ट्र बोर्डाचं गाईड मामाकडून आणू नका. धड्यांची नावं सारखी दिसतात, प्रश्न वेगळे येतात. कर्नाटकची मराठी पाठ्यपुस्तकं पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात आणि परीक्षा मंडळ जुन्या व नमुना प्रश्नपत्रिकाही देतं. गावात रेंज नसेल तर ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, ज्याला आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात, बऱ्याच ठिकाणी संगणक आला आहे. तिथं बसून हे काम होतं. पीयूसीचं सायन्स इंग्रजीतून असतं, म्हणून आठवीपासूनच विज्ञानाच्या वहीत प्रत्येक मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहायची सवय लावा. रोज पाच शब्द झाले तरी पुष्कळ. आणि कन्नडचा राग धरू देऊ नका. बीईओ ऑफिसात, डेपोत, बँकेत कागद कन्नडमध्येच येतो. तो वाचू शकणारी एक पोर घरात असली की घरातल्या सगळ्यांचं काम होतं.

राहिला रस्ता. चार किलोमीटर चालायला फार नाही, पण पावसाळ्यात आणि जंगलाच्या वाटेवर फार आहे. आपल्याकडं अस्वलं नुसती गोष्टीतली नाहीत. पूर्वी आठवीला सरकार सायकल द्यायचं, ती योजना बंद पडून काही वर्षं झाली. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना आणि मुलींना बस फुकट आहे, पण शाळेच्या वेळेला बस आली तर. बसच्या वेळेसाठी हेडमास्तरांच्या सहीनं खानापूर डेपोला लेखी अर्ज द्या, खाली सगळ्या पालकांच्या सह्या घ्या आणि एक प्रत पोच घेऊन जवळ ठेवा. वर्षातून एकदा ग्रामपंचायत मुलांची ग्रामसभा घेते. तिथं पोरी स्वतः उठून बोलल्या की ते इतिवृत्तात लिहावं लागतं. मोठ्यांच्या ग्रामसभेत बस सोडून बाकी सगळ्यावर भांडणं होतात. रिकाम्या जागेचा विषयही तिथं काढा, आणि शाळा समितीत कोण आहे ते बघा. ठराव झाला तर बीईओंकडं आणि बेळगावला उपसंचालकांकडं पाठवायला लावा. खानापूर तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो, चिकोडीत नाही. लोक अर्ज भलतीकडं देऊन महिना घालवतात.

कधी माझं मत बदलेल तेही सांगते. ऑगस्ट संपला आणि गणिताला कुणीच आलं नाही, अतिथीही नाही, तर वाट बघू नका. वाटेत पोरींना कुणी त्रास देतंय असं कानावर आलं आणि शाळा हात झटकत असेल, तरीही नाही. अशा वेळी आधी बसच्या रस्त्यावरचं, ग्रामीण भागातलंच अनुदानित मराठी हायस्कूल शोधा. आपल्या तालुक्यात त्यांची संख्या बरी आहे आणि एनएमएमएस तिथंही चालते. चंदगड त्याच्यानंतर. बेळगाव सगळ्यात शेवटी.

मुलगी मैत्रिणींबरोबर जायचं म्हणते, ते हसण्यावारी नेऊ नका. चार पोरी एकत्र चालत गेल्या तर रोज जातात. एकटी पोर पावसाच्या पहिल्या आठवड्यातच घरी बसते. त्यातली कोण गणितात बरी आहे ते बघा आणि दोघींना संध्याकाळी एका घरी बसवा. नापास झालेल्या नऊ पोरांपैकी कुणी तुमच्या गावचं असेल तर त्याच्या आईलाही सांगा, त्याच वर्षात पुन्हा परीक्षेला बसता येतं, वर्ष फुकट जात नाही. गावात अजून पुष्कळांना हे ठाऊक नाही आणि पोरं सरळ गोव्याची बस धरतात.

शेवटी कागदांचं. जूनला गर्दी होते, म्हणून आत्ताच नाडकचेरीतून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून घ्या. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या सॅट्सवरचं (मुलांच्या ऑनलाइन नोंदीतलं) नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. माहेरच्या नावानं काढलेलं आधार, वडिलांच्या नावात राहिलेला काना, अशा गोष्टींवर शिष्यवृत्त्या अडकतात. प्राथमिक शाळेतून दाखला निघायच्या आधी दुरुस्ती सोपी असते, नंतर बीईओ ऑफिसचे हेलपाटे. आठवीत गेल्यावर एनएमएमएसबरोबर कोथळीच्या नवोदयला नववीसाठी थोड्या जागा निघतात का तेही बघायला सांगा. अर्ज फुकट असतो, मराठी शाळेतली पोरं तो भरतच नाहीत.